माळ घालणे, माळ वापरणे : धर्मचिन्ह आणि अलंकार यांचा अर्थविचार

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शब्दांच्या अर्थपरिवर्तनाचा अभ्यास केला. अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थापकर्ष, अर्थांतर या संज्ञा आता आपल्या परिचयाच्या झाल्या आहेत. प्रस्तुत घटकात त्याच संज्ञा शब्दाबाहेरच्या चिन्हांना लावून पाहावयाच्या आहेत. गळ्यातील माळ, कपाळावरील गंध, मनगटावरील दोरा, छातीवर रुळणारा क्रूस, दिवाणखान्यातील बुद्धमूर्ती ही सारी धर्माशी निगडित चिन्हे होत. त्या त्या धर्मावर श्रद्धा नसलेली माणसेही आज ती केवळ शोभेसाठी अंगावर किंवा घरात वागवताना दिसतात. त्यात काही वावगे आहे काय? ‘आमच्या भावना दुखावल्या’ असे एक पक्ष म्हणतो. ‘दागिन्यात कसला आला आहे धर्म’ असे दुसरा पक्ष म्हणतो. चिन्हाला एकच एक अर्थ असतो आणि तो आपल्यालाच ठाऊक आहे, असे दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. भाषेच्या अभ्यासकाला हे गृहीत मान्य करता येत नाही.

या विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखक पडेगावास राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस छावणी ओलांडली की हे उपनगर लागते आणि येथील रस्ता पुढे दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ असा जातो. श्रावणातील शनिवारी भद्रा मारुतीला पायी निघालेले तरुण याच रस्त्याने जातात. घृष्णेश्वराचे भाविक, खुलताबादच्या उरुसाचे यात्रेकरू आणि लेणी पाहणारे पर्यटकही येथूनच जातात. परतताना त्यांच्यापैकी पुष्कळांच्या गळ्यात किंवा मनगटावर जाताना नसलेले काही तरी असते. कोणाची ती श्रद्धा असते, कोणाचा नवस, कोणाची नुसती हौस. लांबून पाहणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसतात.

४.२ क्रियापदांची साक्ष

प्रथम आपली भाषा काय सांगते ते ऐकू. ‘आमच्या थोरल्याने माळ घातली’ हे वाक्य मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यात उच्चारले तर ऐकणाऱ्याला दागिन्याची आठवण होत नाही. थोरल्याने मद्यमांस सोडले, एकादशी धरली, हरिपाठ सुरू केला आणि पंढरीची वारी पत्करली, एवढे सगळे त्या तीन-चार शब्दांत आले, असे तो समजतो. तुळशीची ही माळ बाजारातून आणून परस्पर गळ्यात अडकवण्याची वस्तू नाही. ती विठ्ठलाच्या पायांवर किंवा ज्ञानेश्वरीवर ठेवून, एखाद्या ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून घ्यावयाची असते. म्हणूनच ‘माळ घालणे’ याला ‘माळ घेणे’ असाही पर्याय आहे. घेणे म्हटले की देणारा आला आणि देणारा आला की त्याच्यापाशी दिलेला शब्दही आला.

इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी भाषेतील काही विधाने वर्णन करीत नाहीत, ती प्रत्यक्ष कृतीच घडवतात, असे दाखवून दिले. त्यांची याविषयीची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ‘मी शपथ घेतो’ असे म्हणणे हेच शपथ घेणे असते. माळ घालणे ही कृती याच जातीची आहे. तोंडाने एक शब्दही न उच्चारता येथे एक वचन दिले जाते आणि गाव त्याचा साक्षीदार असतो. वचन मोडले तर गाव विचारतो. हे विचारण्याचा गावाला वाटणारा अधिकार त्या माळेनेच दिलेला असतो.

प्रत्ययाकडेही लक्ष द्या. वारकरी, टाळकरी, फडकरी, तसा माळकरी. ‘करी’ हा प्रत्यय येथे निष्ठेने, सातत्याने काही करणारा माणूस दाखवतो. ‘माळवाला’ म्हटले तर मात्र माळा विकणारा डोळ्यांपुढे येतो. गळ्यात माळ दोघांच्याही असू शकेल. भाषेने त्यांना वेगवेगळ्या दारांतून आत घेतले आहे.

आता दुसरे वाक्य पाहा. ‘मी रुद्राक्ष वापरतो.’ वापरणे हे चपला, छत्री, अत्तर यांचे क्रियापद आहे. वापरलेली वस्तू बाजूला ठेवता येते, बदलता येते, आवडेनाशी झाली तर दुसऱ्याला देता येते. बोलणाऱ्याला कदाचित कल्पनाही नसेल, परंतु हे क्रियापद निवडताच त्याने त्या वस्तूशी असलेले आपले नाते सांगून टाकलेले असते. याहून वेगळे तिसरे क्रियापद आहे ‘धारण करणे’. हे बोलीत फारसे ऐकू येत नाही. ते मुख्यतः धार्मिक ग्रंथांत आणि हल्ली जाहिरातींत आढळते. ‘रुद्राक्ष विकत घ्या’ असे कोणी लिहीत नाही, ‘धारण करा’ असे लिहितात. विक्रेत्याला भाषेची जाण नसते असे कोण म्हणेल?

लिंगायत समाजातील इष्टलिंगाच्या बाबतीत मात्र ‘लिंगधारणा’ हा शब्द जाहिरातीचा नव्हे, दीक्षेचा आहे. इष्टलिंग कोणी हौसेने गळ्यात बांधल्याचे ऐकिवात नाही. जानव्याचेही तसेच. म्हणजे सगळीच धर्मचिन्हे अलंकाराच्या वाटेने जात नाहीत. ज्यांच्यामागे विधी घट्ट आहे आणि जी वस्त्राखाली झाकलेली असतात, ती सहसा जात नाहीत. दिसणारी चिन्हे जातात.

४.३ मणी, क्रूस आणि टिकली

अर्थांतराची काही उदाहरणे येथे पाहू. इंग्रजीत मण्याला ‘बीड’ म्हणतात (आपला बीड जिल्हा नव्हे). जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मूळ रूपाचा अर्थ होता प्रार्थना. प्रार्थना मोजण्यासाठी माळेतील गोळ्या ओढल्या जात. बोलण्याच्या ओघात ‘प्रार्थना मोजणे’ याचे ‘गोळ्या मोजणे’ झाले आणि प्रार्थनेचे नाव गोळीला चिकटले. पुढे कोणत्याही मण्याला आणि शेवटी घामाच्या थेंबालाही तोच शब्द लागला. आज तो शब्द उच्चारणाऱ्या कोणालाही प्रार्थना आठवत नाही. म्हणजे धर्मचिन्ह फॅशनमध्ये विरघळणे ही आपल्या काळाची विकृती आहे, असे समजण्याचे कारण नाही. भाषेत ते शतकानुशतके घडत आले आहे.

माळ हे मुळात मोजण्याचे साधन आहे, हेही यावरून ध्यानात येईल. जपमाळेत १०८ मणी असतात व मेरुमणी वेगळा. इस्लाममधील तसबीहमध्ये ९९ किंवा ३३. रोमन कॅथलिक पंथीयांच्या प्रचलित रोझरीत ५९. बोटे मण्यांवरून फिरतात आणि मन नामात राहते, अशी ही योजना आहे. जावा-बाली बेटांकडे रुद्राक्षाला ‘गनित्री’, ‘जेनित्री’ अशी नावे आहेत. त्यांत आपल्या कानाला ‘गणणे’ ऐकू आल्यावाचून राहत नाही. शोभेच्या दुकानातील माळेचे मणी मोजून पाहा. ती संख्या गळ्याच्या मापाने ठरलेली असते.

क्रुसाचा प्रवास अधिक चमत्कारिक आहे. रोमन साम्राज्यात तो गुन्हेगाराला देहान्त शिक्षा देण्याचे साधन होता, आणि तीही लाजिरवाण्या मृत्यूची शिक्षा. ख्रिस्ती श्रद्धेने त्या लज्जेच्या वस्तूला तारणाचे चिन्ह केले. हा अर्थोत्कर्षाचा जगातील एक थोर नमुना म्हणावा लागेल. १९८० च्या दशकात मॅडोना या अमेरिकी गायिकेने क्रूस व जपमाळा गळ्यात घालून रंगमंच गाजवला आणि जगभरच्या तरुणींनी तिचे अनुकरण केले. फाशीचा दोर कोणी सोन्यात घडवून गळ्यात घालणार नाही. क्रूस घालतात, कारण मधल्या श्रद्धेने त्याची भीती पुसून टाकली आहे. म्हणजे क्रुसाची फॅशनसुद्धा त्या श्रद्धेच्याच कमाईवर उभी आहे.

टिकलीची कथा आपल्या घरातली. कुंकू हे सौभाग्याचे चिन्ह. विवाहितेला ते सक्तीचे आणि विधवेला निषिद्ध. ‘कुंकू पुसले गेले’ हा वाक्प्रचार आजही अंगावर काटा आणतो. टिकली मात्र पाकिटात मिळते, साडीच्या रंगाशी जुळवून लावली जाते, रात्री आरशावर चिकटवून ठेवली जाते. ‘टिकली पडली’ या वाक्याने कोणाच्या काळजाचा ठोका चुकत नाही. भाषेने येथे शहाणपणाने दोन शब्द केले : व्रताचा अर्थ ‘कुंकू’ या शब्दापाशी राहिला आणि शोभेचा अर्थ ‘टिकली’ने उचलला. माझ्या मते ही झीज इष्टच होती. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा राज्यभर त्याचे स्वागत झाले. परंतु अनेक घरांतील विधवांनी त्याआधीच, कोणताही ठराव न करता, टिकली लावावयास सुरुवात केलेली होती. ‘कुंकू नाही, टिकलीच आहे’ एवढ्या शब्दाच्या आडोशाने त्यांना तो धीर आला. चिन्हाचा अर्थ पातळ होणे म्हणजे नेहमीच हानी, असे म्हणणाऱ्याने या स्त्रियांना विचारून पाहावे.

अशा प्रकारे शब्द विभागून घेण्याची रीत मराठीत इतरत्रही दिसते. ताईत तो ताईत आणि शोभेचे ते ‘लॉकेट’. मंतरलेला तो गंडा आणि हौसेचे ते ‘ब्रेसलेट’. उसना शब्द बहुधा उसन्या अर्थासाठी ठेवलेला असतो.

४.४ दंभ आणि फॅशन यांतील भेद

येथे एक शंका संभवते. बाह्य चिन्हे मिरवणाऱ्यांवर आपल्या संतांनी कठोर टीका केली आहे. तुकोबांचे दंभस्फोटाचे अभंग आपण तिसऱ्या पुस्तिकेत अभ्यासले. बाराव्या शतकातील बसवेश्वरांच्या वचनांतही हाच सूर आहे. मग शोभेसाठी माळ घालणाऱ्यालाही ती टीका लागू पडते काय?

मला वाटते, पडत नाही. दांभिक मनुष्य माळ घालतो ती लोकांनी आपल्याला भक्त समजावे म्हणून. माळेचा अर्थ शाबूत आहे, लोक तो मानतात, यावरच त्याचा सारा व्यवहार चालतो. खोटे बोलणाऱ्यालाही भाषेचे नियम पाळावे लागतात, तसे हे आहे. हौशी मनुष्य कोणाला फसवत नाही. ‘तुम्ही माळकरी का?’ असे विचारले तर तो मोकळेपणाने ‘छे, छे’ म्हणतो. परंतु असे ‘छे, छे’ म्हणणारे वाढत गेले की माळ पाहून काहीच अनुमान करता येईनासे होते. अमेरिकी विचारवंत चार्ल्स पर्स यांनी चिन्हांचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांपैकी ‘दर्शक’ हा प्रकार आठवा. धूर दिसला की अग्नी असणार, तशी माळ दिसली की व्रत असणार. विझवण्यासाठी धावत जावे आणि दर वेळी तो नाटकातला धूर निघावा, असे होऊ लागले तर लोक धुराकडे पाहणेच सोडून देतात. दांभिकाने चिन्हाचा गैरवापर केला, पण चिन्ह शिल्लक ठेवले. हौशी माणूस निरागस असतो आणि तरीही चिन्ह झिजवतो. संतांना पहिल्याशी झगडावे लागले. दुसऱ्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आजच्या रूपात आलाच नव्हता.

आपली प्रगती तपासा : ‘श्रीगणेशा करणे’, ‘तिलांजली देणे’, ‘राम राम’ या प्रयोगांतील मूळ धार्मिक अर्थ आज कितपत जाणवतो? ‘जय भीम’ या अभिवादनाला तसेच झाले आहे काय? कारणासह आठ-दहा ओळींत लिहा.

४.५ श्रद्धा वेगळी, तरी फॅशन नव्हे

आतापर्यंतच्या विवेचनात आपण श्रद्धावान आणि हौशी असे दोनच गट मानले. मराठवाड्यातील लोकजीवन या विभागणीत मावत नाही. खुलताबादच्या दर्ग्यांत जाऊन दोरा बांधून घेणाऱ्यांत हिंदू स्त्री-पुरुष पुष्कळ असतात. मोहरममध्ये मराठवाड्यातील आणि दक्षिण महाराष्ट्रातील अनेक गावांत हिंदू घरांतील मुलांना नवसाने ‘फकीर’ केले जाते. तेवढे दिवस ती हिरवे वस्त्र किंवा दोरा धारण करतात आणि त्याचे नियम पाळतात. या मंडळींनी इस्लाम स्वीकारलेला नसतो. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ती ‘श्रद्धा नसलेली’च. परंतु त्यांच्या अंगावरील चिन्हाला फॅशन म्हणणे हास्यास्पद ठरेल. मूल आजारी असताना बोललेला नवस फेडल्याशिवाय तो दोरा उतरत नाही.

हिंदुस्थानी संगीतातील गंडाबंधनाचा विधी हे याच प्रकारचे दुसरे उदाहरण. उस्ताद शिष्याच्या मनगटाला दोरा बांधतो आणि त्या क्षणापासून तो ‘गंडाबंध शागीर्द’ होतो. मुसलमान उस्तादांनी हिंदू शिष्यांना असे गंडे बांधले आणि त्या शिष्यांनी ते आयुष्यभर मानले. येथे सामायिक आहे ते बंधन, धर्म नव्हे. ‘बांधणे’ या क्रियापदातच ते आले आहे.

यावरून आपल्या विषयाचा मूळ प्रश्नच थोडा दुरुस्त करावा लागतो. चिन्ह घालणाऱ्याचा त्या धर्मावर विश्वास आहे की नाही, हे विचारणे पुरेसे नाही. ते चिन्ह त्याला कशाने तरी बांधते काय, हे विचारावयास हवे. माळकऱ्याला बांधते, नवस करणाऱ्याला बांधते, शागिर्दाला बांधते. हौशी माणसाला बांधत नाही, आणि पुष्कळदा न बांधणे हेच त्याच्यासाठी त्या वस्तूचे आकर्षण असते.

मात्र एवढ्याने भागत नाही. जे चिन्ह एकाला काहीच मागत नाही, त्याची किंमत दुसरा कोणी तरी मोजत असेल तर? पुढील उपघटकात आपण जे पाहणार आहोत ते याच प्रश्नाचे उदाहरण आहे, आणि ते आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाशी निगडित असल्यामुळे त्याचा विचार सावकाशीने करावयाचा आहे.

४.६ दिवाणखान्यातील बुद्ध

वेरूळचे दहावे लेणे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. छताला लाकडी तुळयांसारख्या दगडी फासळ्या कोरलेल्या आहेत. म्हणून लोक त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणू लागले. सुतार-कारागीर तेथील बुद्धमूर्तीला विश्वकर्मा समजून पूजत असत, असे एकोणिसाव्या शतकातील लेखनात नमूद आहे. लेण्यातील भिक्षूंची वस्ती कधीच मोडली होती, मूर्तीचे नाव विस्मृतीत गेले होते. तिला नमस्कार करणारे मात्र होते. बौद्ध श्रद्धा नसलेल्यांनी बुद्धमूर्ती जवळ केल्याचे हे आपल्या भूमीवरील जुने उदाहरण. त्यात अज्ञान होते, अनादर नव्हता.

आणखी एक वाचन लोकांत रूढ होते. बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार, अशी समजूत. दख्खनमधील दशावताराच्या काही चित्रांत तर बुद्धाच्या जागी विठ्ठलच दाखवलेला आढळतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील एक या अवतारकल्पनेला स्पष्ट नकार देणारी आहे. चिन्हविचाराच्या दृष्टीने ही प्रतिज्ञा विलक्षण महत्त्वाची होय. एका समूहाने उभे राहून एका चिन्हाचा एक अर्थ नाकारला, दुसरा निश्चित केला आणि तो पाळण्याचे वचन दिले. त्या दिवसानंतर महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर शेजारी शेजारी लागली. ती तसबीर म्हणजे त्या घराने केलेली घोषणा होती : येथून पुढे आमचा माणूस म्हणून उल्लेख व्हावा.

या घोषणेची किंमत आपल्या शहराला आणि मराठवाड्याला चांगली माहीत आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळली, माणसे मारली गेली. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. नाव हेही चिन्हच. आणि एका चिन्हासाठी सोळा वर्षे लागली.

आता दुसऱ्या बाजूला या. आज शहरातील नव्या सदनिकांत, उपाहारगृहांत, सौंदर्यप्रसाधनगृहांत बुद्धाची मूर्ती सर्रास दिसते. बहुधा तिचे केवळ शिर असते. खाली पाण्याचा लहानसा कारंजा, शेजारी बांबूचे रोप. विचारले तर उत्तर मिळते, ‘शांत वाटतं.’ (त्याच कपाटात पोट सुटलेला ‘लाफिंग बुद्धा’ही असतो. तो गौतम बुद्ध नव्हेच. तो बुदाई नावाचा चिनी भिक्षू. पण ते असो.) सुट्या शिराची ही आवड कोठून आली, याचाही विचार केला पाहिजे. आशियातील भग्न व लुटलेल्या मूर्तींची शिरे युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत आणि पुरावस्तूंच्या बाजारात पोहोचली. तेथील रसिकांना बुद्ध भेटला तो पुष्कळदा मानेपासून तुटलेला. त्या तुटलेपणाच्याच प्रतिकृती आता कारखान्यांत तयार होतात. बौद्ध उपासकाला त्यात शांती दिसत नाही, तुटलेले मस्तक दिसते. थायलंडसारख्या देशात बुद्धप्रतिमा सजावटीसाठी वापरू नये, असे पर्यटकांना फलक लावून सांगितले जाते.

आमच्या संपर्कसत्रात या विषयावर चर्चा चालू असता मध्यमवयीन नोकरदार विद्यार्थ्याने जे सांगितले ते नमूद करण्याजोगे आहे. घर भाड्याने पाहताना मालकाच्या दिवाणखान्यात मोठी बुद्धमूर्ती पाहून त्याला हायसे वाटले. आपलीच माणसे दिसतात, असे तो समजला. पुढे आडनाव सांगितले आणि घर ‘आधीच दिले गेले’ होते. आडनावावरून आणि भिंतीवरील तसबिरीवरून घर नाकारले जाण्याचा अनुभव मराठी दलित साहित्याला नवा नाही. नवीन आहे ती त्या दिवाणखान्यातील मूर्ती. तेथे बुद्ध चालतो, बौद्ध चालत नाही.

या मालकाने बुद्धाची विटंबना केली असे कायदा म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. मूर्ती त्याने आवडीनेच घेतली असणार. परंतु एकाच प्रतिमेचे दोन घरांतील दोन अर्थ ताडून पाहा. एका घरात तिने वचन मागितले, बहिष्कार सोसावयास लावला, मुलांच्या शाळेतील दाखल्यापर्यंत पाठपुरावा केला. दुसऱ्या घरात ती रंगसंगतीला शोभली. पहिल्या घराच्या भिंतीवर ती दिसली तर ओळख पटते. दुसऱ्या घरात ती कितीही मोठी असली तरी मालकाची ओळख बदलत नाही. ज्याला चिन्हावाचूनही कोणी अडवणार नाही, त्यालाच ते चिन्ह हौस म्हणून परवडते. फॅशनचा प्रश्न तेथे बोचतो, माझ्या समजुतीप्रमाणे, तो या विषमतेमुळे बोचतो. श्रद्धेच्या अभावामुळे तितका नाही. वेरूळच्या त्या सुतारांपाशीही बौद्ध श्रद्धा नव्हती.

४.७ वाचणारा कोण?

चिन्हाचा अर्थ घालणाराच ठरवतो, असेही मानू नये. वाचणाराही तो ठरवतो आणि कधी कधी एकटाच ठरवतो. २०१४ मध्ये श्रीलंकेत एका ब्रिटिश महिला पर्यटकाला दंडावर बुद्धाचे चित्र गोंदलेले आहे म्हणून अटक करून मायदेशी पाठवण्यात आले. आपण स्वतः बौद्ध साधना करतो, असे त्या सांगत होत्या. अधिकाऱ्यांनी त्यांच्या दंडाचे वाचन केले, मनाचे नव्हे. पुढे २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नुकसानभरपाई देवविली. फ्रान्समध्ये उलट प्रकार घडला. तेथील २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हे घालण्यास बंदी केली. २०२३ मध्ये शासनाने त्या बंदीत ‘अबाया’ या पायघोळ झग्याचाही समावेश केला. अबाया हे धर्मचिन्हच नव्हे, तो नुसता पोशाख आहे, असे अनेकांनी सांगून पाहिले. वाचणाऱ्याने त्यात धर्म वाचला आणि तो वाचला म्हणून तो तेथे आला.

आपल्या रस्त्यावर हेच लहान प्रमाणात रोज घडते. चित्रपटातील नायकाची पाहून ठेवलेली दाढी एका तरुणाची हौस ठरते. तशीच दाढी दुसऱ्या तरुणाच्या नावासह वाचली की तिचा धर्म होतो आणि नाक्यावर त्याची चौकशी अधिक होते. दोघांनी एकाच केशकर्तनालयात ती कोरून घेतलेली असू शकते.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील एखादी यात्रा, उरूस, दिंडी किंवा आठवडी बाजार निवडा. धर्मचिन्ह धारण केलेल्या किमान दहा व्यक्तींशी, त्यांची संमती घेऊन, बोला. त्यांचा धर्म प्रथम विचारू नका. वस्तू कोणती, कोणाकडून मिळाली, विकत घेतली की कोणी दिली, एवढे विचारा आणि उत्तर देताना त्यांनी वापरलेले क्रियापद जसेच्या तसे टिपून घ्या : घातली, घेतली, बांधला, लावतो, वापरतो, धारण केला. बोलीतील रूप प्रमाण करून लिहू नका. ‘घातलीया’ म्हटले असेल तर ‘घातलीया’च लिहा.

त्यानंतर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : ‘ही तुटली तर काय कराल?’ तुटलेली माळ पुन्हा ओवून गळ्यात येईपर्यंत अन्नाला न शिवणारे कित्येक माळकरी आपल्याला भेटतील. दर्ग्याचा दोरा आपोआप गळून पडला तर तो नदीत सोडू, असे कोणी सांगेल. ‘दुसरी घेऊ’ असेही कोणी हसत सांगेल, आणि ‘तुटेल कशी?’ असे म्हणून एखादी आजी आपल्याकडे रागाने पाहील. ती सर्व उत्तरे क्रियापदांसमोर मांडून तक्ता तयार करा. क्रियापद आणि उत्तर यांचा मेळ जेथे बसत नाही, त्या नोंदी खोडू नका. त्यांच्याखाली रेघ ओढून संपर्कसत्राला घेऊन या.